डावा दिवा

शाळेत आमच्या वर्गाचा एक आवडता खेळ होता. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या पाठीला गुपचूप कागद चिकटवायचा. कागदावर 'मी गाढव आहे' एवढंच लिहिलेलं. मग तो बिचारा मधल्या सुट्टीत सगळ्या पटांगणातून ऐटीत फिरून यायचा. अख्ख्या शाळेला बातमी कळलेली असायची. ज्याच्याविषयी ती होती, तो सोडून. मोटारीचा किंवा स्कूटरचा इंडिकेटर चालू ठेवून जाणारा माणूस दिसला की मला तो कागद आठवतो.

आता खरं सांगायचं, तर हा लेख मी दुसऱ्यांची चेष्टा करायला लिहायला घेतला होता. साताऱ्यात त्यासाठी सामग्री भरपूर आहे. पोवई नाक्यावर एक गृहस्थ माझ्या पुढं लागले. स्कूटरचा उजवा दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं, आता वळतील. मागं राहिलो. एक गल्ली गेली, दुसरी गेली, एक पेढ्यांचं दुकान गेलं. कंदी पेढ्यांसाठीसुद्धा जो माणूस वळत नाही, तो वळणार तरी कशासाठी? राजवाड्यापर्यंत मी त्यांच्या मागं सरकत गेलो. तिथं ते थांबले आणि शांतपणे डावीकडे वळले. उजवा दिवा चालूच.

पुढाऱ्यांविषयी मी इथं बोलणार नाही. एका बाजूचा दिवा लावून दुसऱ्या बाजूला वळण्याचा त्यांना परवाना असतो. मी सामान्य माणसांविषयी बोलतोय.

पूर्वी ही अडचण नव्हती. एस.टी.चा ड्रायव्हर उजवीकडे वळायचं म्हणजे खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर काढायचा. डावीकडे वळायचं असलं, तर तोच हात ताक घुसळल्यासारखा गोल फिरवायचा. हात बाहेर विसरून कोणी पंधरा मैल गेल्याचं मी ऐकलेलं नाही. हात दुखतो. शिवाय तो आपलाच असतो. आमच्या लहानपणी गावातल्या एका वकिलांकडे मॉरिस मायनर होती. तिला दाराशेजारी एक छोटा हात असायचा. वळायच्या वेळी तो टपकन बाहेर यायचा, पोस्टाच्या पेटीतून कोणी पत्र बाहेर सरकवावं तसा. कधी कधी तो आत जायला नकार द्यायचा. मग वकीलसाहेब आतून दाराजवळ एक गुद्दा घालायचे. गुद्दा बसला की न्याय व्हायचा.

हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी तर या दिव्याची निराळीच भाषा केली. पुढच्या ट्रकनं उजवा दिवा दिला, तर 'मी उजवीकडे वळतोय' असाही अर्थ होतो आणि 'या, पुढं रस्ता मोकळा आहे' असाही होतो. दोन्हींतला कोणता घ्यायचा, हे ज्याचं त्यानं आपल्या पत्रिकेवरून ठरवायचं.

पण लोक चांगले असतात हो. आपल्याकडे माणूस एरवी कोणाला रस्ता देणार नाही, पण तुमच्या गाडीचा स्टँड खाली राहिला असेल, तर सांगण्यासाठी अर्धा मैल पाठलाग करील. "ओ काका, स्टँड!" "वहिनी, पदर चाकात जातोय!" समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करतो आणि मूठ उघडझाप करून दाखवतो. म्हणजे, तुमचा दिवा चालू आहे. ही खूण कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळ्यांना येते.

या खुणेचा घोटाळा २०१७ साली झाला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागू लागला. भर उन्हातही. तो बंद करायची सोयच ठेवलेली नाही. मी नेमकी त्यानंतर नवी स्कूटर घेतली. पहिला महिनाभर गावातला प्रत्येक सज्जन मला मूठ दाखवी. "काका, दिवा चालू हाय!" सुरुवातीला मी थांबून कायदा समजावून सांगायचो. मग नुसतं "असू दे" म्हणायला लागलो. शेवटी मूठ दिसली की हसून मान डोलवायची आणि पुढं जायचं, एवढं शिकलो. या शिक्षणाची फी मला पुढं सांगलीच्या रस्त्यावर भरावी लागली.

सांगलीला माझी मोठी बहीण असते. आक्का. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिच्याकडे निघालो. मी आणि सौ. आणि आमची जुनी मारुती आठशे. मी मोटार शिकलो निवृत्तीनंतर. त्यामुळं ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरनं सांगितलेलं सगळं मी अजून अक्षरशः पाळतो. पुढच्या गाडीला मागं टाकायचं, तर आधी उजवा दिवा. पुन्हा आपल्या बाजूला यायचं, तर डावा दिवा. सौ.च्या मांडीवर पिशवी. पिशवीत तिळगूळ, पेढे आणि आक्कासाठी घेतलेलं गजराचं घड्याळ.

पेठनाक्यापर्यंत सगळं ठीक झालं. तिथून हायवे सोडून सांगलीचा रस्ता धरला आणि ऊस लागला. जानेवारीत तिकडं जायचं म्हणजे कारखान्याच्या गव्हाणीत शिरल्यासारखं वाटतं. पुढं एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. ट्रॅक्टरवर असं गाणं लागलेलं की ऊस जागेवरच गाळला जावा. मागं दिवा एकही नाही. ही गोष्ट वाईटच, रात्री तर जिवावर बेतते. पण दिवसा एक सांगता येईल, की ज्याला दिवाच नाही तो निदान खोटं तरी बोलत नाही.

मी उजवा दिवा दिला, ट्रॅक्टर मागं टाकला, डावा दिवा दिला, आपल्या बाजूला आलो. मास्तर असता, तर पाठ थोपटली असती.

आता इथं थोडं यंत्रशास्त्र. स्टिअरिंग वळवून पुन्हा सरळ आणलं की आतली एक खुंटी इंडिकेटरच्या दांडीला टिचकी मारते आणि दिवा बंद होतो. पण त्यासाठी वळण चांगलं घसघशीत लागतं. ट्रॅक्टरला ओलांडून परत यायला स्टिअरिंग जेमतेम चार बोटं हलतं. तेवढ्यानं खुंटीची झोप मोडत नाही. हे मला नंतर साताऱ्याच्या मिस्त्रीनं समजावून सांगितलं. त्या दिवशी मी दिवा बंद झाला असं धरून चाललो होतो.

थोड्या वेळानं समोरून एका मोटारसायकलवाल्यानं मूठ उघडझाप केली. मी हसून मान डोलवली. मग एका टेम्पोनं डिपर मारला. त्यालाही हसलो. एका एस.टी.च्या ड्रायव्हरनं तर पूर्वीसारखा कोपरापर्यंत हात बाहेर काढला. मी सौ.ला म्हटलं, "बघ, सांगली जिल्ह्यातली माणसं किती अगत्याची. ओळख ना पाळख, हात करतात."

ती म्हणाली, "अहो, ते राहू द्या. हे घड्याळ पुढं पळतंय का हो?"

"का?"

"टिकटिक फार जलद होतेय."

इंडिकेटरनं मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लुकलुकावं, असा दंडक आहे. आमच्या गाडीचा त्यातला वरचा आकडा पसंत करतो. एरवी आमच्या गाडीत इतके आवाज असतात, की टिकटिक ऐकू आली तरी कोणत्या अवयवाची ते सांगता येत नाही. आणि त्या दिवशी तर मांडीवर घड्याळच होतं. मी म्हटलं, "नवं आहे, बसेल जागेवर."

आष्टा मागं पडलं. पुढं डाव्या हाताला एक फाटा आला. फाट्यावर एक म्हातारबा लुनावर बसून थांबलेले. मागं वाड्याचा भारा, त्यांच्यापेक्षा मोठा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते निवांत रस्त्यावर आले, सरळ माझ्यापुढं.

ब्रेक कसा लागला ते मला आठवत नाही. सौ. ओरडली ते आठवतं. गाडी तिरपी होऊन थांबली. लुना आडवी, वाडं रस्त्याभर आणि म्हातारबा त्या वाड्यावर बसलेले. माझे पाय इतके लटपटत होते, की दार उघडून उतरायला वेळ लागला. मधे हातभर अंतर राहिलं होतं. हातभर म्हणजे खरोखरच एका हाताएवढं.

माणूस घाबरला की आधी चिडतो. मी ओरडलो, "अहो, दिसत नाही का? मी सरळ येतोय!"

म्हातारबा उठले. धोतराला लागलेली माती झटकली. आवाज न चढवता म्हणाले, "मला सगळं दिसतंय, सायेब. तुमीच म्हनला न्हवं, वळतो म्हनून?"

"मी कुठं म्हणालो?"

"मग ह्ये कोन म्हनतंय?"

त्यांनी बोट दाखवलं. एवढं सगळं होऊन, मी तिथं उभा राहून भांडत असतानासुद्धा, डावा दिवा आपला लुकलुकतच होता.

मला काही बोलता येईना. तो माणूस चुकला नव्हता. त्यानं दिवा पाहिला आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवलेल्या विश्वासानं त्याचा जीव जाणार होता. मी हात जोडले. मग आम्ही तिघांनी मिळून वाडं गोळा केलं, भारा पुन्हा बांधला. सौ.नं त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि जाताना एवढंच म्हणाले, "दिवा लावला तर वळत जावा. न्हाईतर लावू नगा."

सांगलीला पोचलो तेव्हा आक्का दारातच उभी होती. तिला ऐंशीवं वर्ष आहे. जेवताना सगळी हकिगत सांगितली. घड्याळाची टिकटिक, मुठी, माझं हसून मान डोलवणं. आक्का पोट धरधरून हसली. मग वरण वाढता वाढता म्हणाली, "चार वर्षं झाली रे तुला येऊन."

"नाही गं, एवढी कुठं?"

"चार. दर दिवाळीला तुझा फोन येतो, भाऊबीजेला येतो म्हणून. मी पुरण घालते. गेल्या खेपेला दुपारी तीनपर्यंत जेवायची थांबले होते. मग म्हटलं, अडकला असशील."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही, म्हणून मला घास गिळेना. माझ्या लेखी 'येतो' हा एक बोलण्यातला शब्द होता. तोंडून गेला, विसरला. इकडे सांगलीत तो चार वर्षं लुकलुकत होता आणि तो पाहून एक म्हातारी पुरण शिजत घालत होती. आपली भाषाच अशी आहे. निघताना 'जातो' म्हणणं अशुभ, म्हणून आपण 'येतो' म्हणतो. म्हणजे मराठी माणूस घर सोडतानाच येण्याचा दिवा लावून निघतो. तो बंद करायची आठवण कोणाला राहते?

संध्याकाळी निघालो. आक्का फाटकापर्यंत आली. गाडी सुरू केली आणि सवयीनं मान बाहेर काढून म्हणालो, "येतो गं आक्का, लवकरच!"

ती काही बोलली नाही. तिनं फक्त हात वर केला आणि मूठ उघडझाप केली.

या वेळी मी हसून मान डोलवली नाही. गाडी बंद केली. खाली उतरलो. म्हटलं, "रथसप्तमीला. सकाळी दहाच्या आत."

"पुरण घालू?"

"घाल."

रथसप्तमीला आम्ही पावणेदहाला पोचलो. वाटेत पाच ट्रॅक्टर लागले. प्रत्येकाला ओलांडून झालं की सौ. पिशवी कानाला लावून ऐकायची आणि सांगायची, "अहो, घड्याळ नाहीये हं आज."