सर्वसाधारण दर

सर्वप्रथम एक कबुलीजबाब. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आमचा शेवटचा पिरियड, आणि त्यात निम्मा वर्ग पेंगायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घेतल्या असतील अशी आशा आहे. आकड्यांचं तर विचारूच नका. कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी अजूनही क्षणभर थांबून मनातल्या मनात इंग्रजीत मोजते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या आकड्यांनीच माझी फजिती होणार आहे.

तर गोष्ट मागच्या सेमिस्टरची. सकाळी सव्वानऊला आपल्या वर्गात काय होतं हे सरांना माहीत नसेल, पण होस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या तीन बाकांवर, बाकाखाली मोबाईल उघडतात, कारण त्याच वेळी शेअर बाजार उघडतो. मी यात पडले ती माझ्या रूममेटमुळे. एका रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून तिने मला लॅपटॉपवर एक चार्ट दाखवला. नेहमीच्या चार्टमध्ये खाली उभे दांडे असतात, कुठल्या वेळी किती शेअर्सची उलाढाल झाली ते सांगणारे. इथले दांडे मात्र आडवे होते आणि किमतीच्या बाजूला चिकटलेले. म्हणजे कुठल्या वेळी नाही, तर कुठल्या किमतीला किती शेअर्स विकले-घेतले गेले. याला म्हणतात व्हॉल्यूम प्रोफाइल. सर्वात लांब दांडा ज्या किमतीला, तो 'पॉइंट ऑफ कंट्रोल'. त्याच्या आजूबाजूचा, एकूण उलाढालीपैकी सुमारे ७० टक्के सामावणारा पट्टा म्हणजे 'व्हॅल्यू एरिया'.

मी ओरडलेच, "अगं, हे तर एम-थ्रीचं नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन आडवं झोपलंय!" सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक स्टँडर्ड डेव्हिएशन घेतलं की सुमारे ६८ टक्के येतात, तेच हे ७० टक्के. मग काय, ज्या विषयात मी जेमतेम पास झाले होते, तो अचानक पैसे मिळवून देणार असं वाटायला लागलं.

मी पेटले. वाचत सुटले. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवरच्या जे. पीटर स्टाइडलमायर या ट्रेडरने १९८० च्या दशकात 'मार्केट प्रोफाइल' मांडलं. दर अर्ध्या तासाला एक अक्षर, आणि त्या अर्ध्या तासात भाव जिथे जिथे फिरला तिथे ते अक्षर लिहायचं. दिवसअखेर अक्षरांचा एक ढीग तयार होतो. व्हॉल्यूम प्रोफाइल त्याचंच भावंड. ते वेळेऐवजी प्रत्यक्ष उलाढाल मोजतं. वापरायची रीतही सोपी वाटली. लांब दांड्यांपाशी भाव रेंगाळतो, कारण तिथे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही किंमत पटलेली असते. दांडे बारीक असतील तिथून भाव भरकन निघून जातो, कारण तिथे कोणी फारसे सौदे केलेलेच नसतात. भाव पट्ट्याबाहेर पडून तिथेच स्थिरावला, तर आपलं चुकलं असं समजून बाहेर पडायचं.

हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. नुसतं वाचलंच होतं.

बाबांनी होस्टेलच्या हप्त्याचे २८,००० रुपये खात्यात टाकले होते. शेवटची तारीख दोन आठवड्यांवर. तोपर्यंत पैसे नुसते पडून काय करणार, असा माझा शहाणा विचार. एका शेअरचा सर्वात लांब दांडा होता ४१२ ला. दोन दिवस भाव तिथेच घुटमळत होता. माझ्या मते ती भिंत होती. इंट्राडेमध्ये साधारण पाचपट माल घेता येतो, म्हणून २५,००० च्या आसपास लावून मी ३०० शेअर्स घेतले. अकरा वाजता भाव ४०९. मला घाम फुटला, पण मी स्वतःला समजावलं, भिंत आहे, परत येईल. स्टॉप लॉस लावला होता तो काढून टाकला. खाली ३९६ पर्यंत सगळे दांडे काडीसारखे बारीक. जेवायच्या सुट्टीपर्यंत भाव तिथे पोचला. १६ गुणिले ३००, म्हणजे ४,८०० रुपये! त्या दिवशी मेसमध्ये माझ्या आवडीचा मसालेभात होता. मला एक घास गेला नाही.

पुढच्या तीन दिवसांत ते भरून काढायला गेले आणि ब्रोकरेज, टॅक्स धरून आणखी ६,२०० घालवले. एकूण ११,०००. नंतर सेबीचा अहवाल वाचला, की २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या सामान्य लोकांपैकी १० पैकी ७ जण तोट्यात होते. म्हणजे इथे तरी मी मेजॉरिटीत होते.

घरी सांगायची हिंमत होईना. शनिवारी मी नाशिकऐवजी सरळ गावी, निफाड तालुक्यात आजोबांकडे गेले. एप्रिल होता, उन्हाळ कांदा निघत होता. सोमवारी आजोबा म्हणाले, "चल लासलगावला. बस ट्रॅक्टरवर." कॉलेज बुडवून गेले.

लासलगावचं मार्केट तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? रांगेने उभ्या ट्रॉल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, कोणी हात घालून चार कांदे काढून बघतं, आणि बोली सुरू. तेराशे, सव्वातेराशे, साडेतेराशे, पावणेचौदाशे! इतक्यात घोळका पुढे गेलासुद्धा. चार्ट वाचणारी मी तिथे ठार अडाणी. "पावणेचौदाशे म्हणजे किती हो आजोबा?" शेजारचे काका खो-खो हसले. "तेराशे पंचाहत्तर गं," आजोबा म्हणाले. क्विंटलचा भाव. आमचा कांदा गेला.

नंतर बाजार समितीच्या फळ्यावर त्या दिवशीचे आकडे लागले. आवक, किमान, कमाल, आणि शेवटी 'सर्वसाधारण'. मी विचारलं, सर्वसाधारण म्हणजे सरासरी का? आजोबा म्हणाले, "नाही. जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो." सरकारी इंग्रजी तक्त्यात त्यालाच मोडल प्राइस म्हणतात. मोड! मी तिथेच उभी. स्टाइडलमायरच्या अक्षरांचा ढीग, माझा लांब दांडा आणि हा फळा, तिन्ही एकच.

"मग उद्या ट्रॉली आणली तर हाच भाव मिळणार ना?"

"उद्याचं उद्या. हा आज झालेल्या सौद्यांचा भाव आहे. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आदल्या दिवशीचा सर्वसाधारण दर कोणाला दाखवणार होतो आम्ही? भाव कोसळले, लोकांनी लिलाव बंद पाडले. आणि ट्रॉली भरून आणली की परत नेऊन करू काय? डिझेल, मजुरी, सगळं अंगावर. भाव पटला नाही तरी द्यावा लागतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ४१२ ला झालेल्या प्रत्येक सौद्यात एक घेणारा होता तसा एक देणाराही होता. मी मात्र सगळा दांडा माझ्या बाजूचा धरून बसले. शिवाय ज्यांनी ४१२ ला घेतले होते तेच ४०९ ला घाबरून विकायला धावले. माझी भिंतच माझ्या अंगावर आली. काल किती लोकांना कुठली किंमत पटली होती ते दांडा सांगतो. आज ती पटते का, हे आज बघावं लागतं. आणि थांबायची ऐपत नसेल, पैसा हप्त्याचा असेल, तर नुसत्या बघण्याचा उपयोग नाही. मी भरलेली ट्रॉली घेऊनच बाजारात गेले होते, तीही बाबांची.

परतताना हिशेबपट्टी माझ्या हातात होती. सहज भागाकार केला. ११,००० भागिले १,३७५. बरोबर आठ. आठ क्विंटल कांदा! आमच्या ट्रॉलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पेरणी, लावणी, रात्रीच्या लाइटला दिलेलं पाणी, आणि मी तो बाकाखाली बसून चार दिवसांत संपवला. तिथेच ट्रॅक्टरवर आजोबांना सगळं सांगितलं. ट्रॅक्टरच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं, हे जास्त वाईट. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बापाला तूच सांग. आजच."

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग "हप्त्याची तारीख कधी?" एवढंच विचारलं. ते गप्प राहणं मी विसरणार नाही. पैसे त्यांनी भरले. मी आता दोन मुलांची गणिताची ट्यूशन घेते आणि दर महिन्याला त्यांना १,००० परत करते. चार झाले, सात राहिले.

व्हॉल्यूम प्रोफाइल मी सोडलेलं नाही. रोज संध्याकाळी वहीत लांब दांडा लिहून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी भाव तिथे थांबला की पार गेला याची खूण करते. पैसे लावत नाही. आणि हो, वहीतले आकडे मी मोठ्याने मराठीत वाचते, पावणे आणि सव्वासकट. रूममेट हसते. हसू दे. पुढच्या एप्रिलमध्ये लासलगावला मला बोली कळली पाहिजे.