सव्वीस गोण्या सिमेंट आणि आमचं कच्चं बिल

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात येत्या वर्षभरात बाथरूम फोडायचं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आईचा फ्लॅट सहकारनगरला. १९८८ ची बिल्डिंग, तीन मजले, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा आठ वर्षं चालू आहेत, चहा-बिस्किटांपलीकडे काही पुढे सरकत नाही. तोवर बाथरूमचं पाणी खालच्या काकांच्या हॉलमध्ये ठिबकायला लागलं. काका सज्जन, आधी दोनदा नुसतं सांगून गेले. तिसऱ्यांदा छताचा फोटो पाठवला. मग काम काढावंच लागलं.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीचा. वीस वर्षं आमच्याकडे येतोय. बाबा गेले त्या दिवशी पहाटे पाचला येऊन खुर्च्या लावणारा माणूस. त्यामुळे दुसरीकडे कोटेशन मागायचा विषयही निघाला नाही. मजुरी उक्ती ठरली, ८५ हजार. मटेरियलचं काय? तर "ताई, जे लागेल ते. साठ-सत्तरच्या आत बसेल." मी मान डोलावली. लिहून काही घेतलं नाही. वर मीच म्हटलं, "पक्कं बिल नको हं, उगाच अठरा टक्के कशाला!"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काम छान झालं, हे आधी सांगते. गळती थांबली, टाइल्स सरळ बसल्या, उतार बरोबर आहे. डिसेंबरच्या शेवटी हिशोब आला. वहीचं एक पान, पेन्सिलीने लिहिलेलं. मटेरियल १,३४,६०० रुपये.

आईने एफडी मोडून पैसे ठेवले होते. तिने पान दोनदा वाचलं आणि म्हणाली, "वाढलं असेल गं सगळं." अमेरिकेतला दादा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दे सोडून, दीड हजार डॉलर तर आहेत." डॉलरमध्ये भागलं की सगळंच स्वस्त दिसतं. आईची पेन्शन रुपयात येते.

मी पान घेऊन बसले. सिमेंट २६ गोण्या, ४१० रुपये दराने. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार त्याच कंपनीची गोणी ३५५ ला देत होता. म्हटलं, निदान गोण्या तरी मोजू. खाली पार्किंगमध्ये गेले, तर राडारोडा भरलेल्या गोण्या निघाल्या साठ! फोडकामाचा माल भरायला त्याने दुसऱ्या साइटवरूनही रिकाम्या गोण्या आणलेल्या. झाली मोजणी.

मग सिव्हिल इंजिनिअर असलेल्या मावसभावाला फोन लावला. त्याने विचारलं, "प्लास्टर किती चौरस फूट?" मला माहीत नव्हतं. दीड लाखाच्या आसपासचं मटेरियल घेतलं आणि बाथरूमचं माप माहीत नाही! टेप घेऊन मोजलं. तो म्हणाला, अर्धा इंच जाडीच्या प्लास्टरला शंभर चौरस फुटांमागे साधारण एक गोणी धर. प्लास्टर, कोबा, वॉटरप्रूफिंग, किरकोळ दुरुस्ती सगळं ओढूनताणून पंधरा गोण्या. टाइल्स भिंती आणि जमीन मिळून, ड्राय बाल्कनी धरून, २०९ चौरस फूट. त्यावर तुटफुटीचे दहा टक्के, म्हणजे २३०. एका पेटीत सोळा चौरस फूट, म्हणजे पंधरा पेट्या. हिशोबात एकवीस.

नळ-फिटिंगचे ३१ हजार लावले होते. एका शनिवारी बोहरी आळीत जाऊन तीच कंपनी, तेच मॉडेल नंबर दाखवून भाव विचारले. दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे साडेतेवीस हजारांच्या आसपास.

मी चिडले होते. कायदाही वाचून काढला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा आयोगात वकिलाशिवाय तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करायची, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फीसुद्धा नाही. सगळं आपल्या बाजूने. फक्त आयोगापुढे दाखवणार काय? पेन्सिलीचं पान, त्यावर ना नाव, ना सही. आणि बिल नको असं सांगणारी कोण? मीच.

बरं, त्यात वाचलं काय? सिमेंट, टाइल्स, नळ यांच्या दुकानातल्या भावात कर धरलेलाच होता. कच्च्या पावतीने माझे अठरा टक्के वाचले नाहीत. गेला तो पुरावा.

त्याला बोलावलं. आल्या आल्या "साहेब नाहीत का?" म्हटलं, "हिशोब मीच करणार आहे, बसा." आईने चहा ठेवला. मी माझा कागद समोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता आवाज चढेल. तसं झालं नाही.

म्हणाला, "ताई, खरं सांगू? माल आणायला माझे चार दिवस गेले. टेम्पो माझा, हमाली माझी, तीन मजले जिन्याने चढवलं. हे कुठे लिहू? मटेरियलवर दहा टक्के घेईन म्हटलं की गिऱ्हाईक दुसरा माणूस बघतं. मग गोणीत टाकावं लागतं. सगळेच टाकतात."

मी विचारलं, "आणि दुकानदार देतो ते?" तो हसला. "ते तर असतंच." रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन निघायचं ते आठवतंय का? आता स्कॅन करून पॉइंट मिळतात, एवढाच फरक.

त्याचं सगळं खरं नव्हतं. टाइल्सच्या सहा जास्तीच्या पेट्या जिना चढल्याच नाहीत, त्यांची हमाली कसली? ते मी बोलले. पण जे खरं होतं तेही बोलले. माल निवडून, भाव करून, वेळेवर आणून देणं हे काम आहे. मी ते फुकट धरलं होतं. डॉक्टरची फी, वकिलाची फी आपण देतो, पण मिस्त्रीने स्वतःच्या धावपळीचे पैसे मागितले की आपल्याला लुबाडल्यासारखं वाटतं. मग तो लपवून घेतो, आणि लपवून घेताना कुठे थांबायचं हे त्याचं त्यालाच कळत नाही.

शेवटी असं ठरलं. पेट्या पंधरा, गोण्या पंधरा आणि चालू भावाने, फिटिंग बोहरी आळीच्या दराने. रक्कम आली १,१४,८६५. त्यावर उघड दहा टक्के त्याचे. १,२६,००० वर मिटलं.

म्हणजे पंधरा दिवसांच्या डोकेदुखीनंतर ८,६०० रुपये वाचले. दादा म्हणाला, "शंभर डॉलरसाठी?" आईने मात्र एक गोष्ट बरोबर पकडली. तो गेल्यावर म्हणाली, "आता निदान त्याला परत घरात बोलवता येईल." पान तसंच मान्य केलं असतं तर पैसे गेले असतेच, पण वीस वर्षांच्या माणसाकडे पुन्हा सरळ बघता आलं नसतं.

पुढच्या वेळी मी काय करणार ते लिहिते. आधी टेपने माप. मजुरी आणि मटेरियल वेगळं, निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून. मटेरियलवर त्याचे किती टक्के ते काम सुरू व्हायच्या आधी, तोंडावर. माल येईल त्या दिवशी मोजून फोटो. दुकानाचे पैसे थेट दुकानाला, पक्कं बिल माझ्या नावाने. बिलावरचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. न फोडलेल्या पेट्या दुकान परत घेईल का, हे खरेदीच्या वेळीच विचारायचं.

आणि "बिल नको" हे वाक्य परत माझ्या तोंडून निघणार नाही.

तुमच्याकडे मटेरियलचा हिशोब कसा ठरतो? उक्ता की वेगळा? कमेंटमध्ये लिहा. फक्त कृपा करून कुणाचं नाव टाकू नका. बाजू दोन असतात, हे मी नुकतंच शिकलेय.