भंडाऱ्याच्या उभ्या खडकांचा त्रिमित नकाशा

भूजलासाठी जमिनीखालचा त्रिमित नकाशा करताना भंडारा जिल्ह्यात दोन रचना एकमेकींत बसवाव्या लागतात. पहिली खडकांची. साकोली आणि सौसर गटांतले फायलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट घड्या पडून तिरपे, काही ठिकाणी उभेच झाले आहेत. दख्खनच्या काळ्या कातळासारखा एका विहिरीतला थर पुढच्या विहिरीपर्यंत आडवा ओढता येत नाही. दुसरी रचना झिजेची. पाणी मुख्यतः मुरमात आणि त्याखालच्या भेगांत असते. मुरमाचा तळ घड्यांना फारसा जुमानत नाही. क्वार्टझाइटच्या टेकडीवर तो वरच सापडतो, फायलाइटवरच्या धानाच्या बांध्यांखाली खोल जातो. नुसत्या खडकांच्या सीमा कितीही नेमक्या काढल्या, तरी तो नकाशा पाण्याच्या कामाला अपुराच. वैनगंगेकाठचा वाळू-गाळ त्यामानाने सोपा.

सर्वाधिक माहिती बोअरच्या नोंदींत मिळते: वर आलेला चुरा, पाणी लागल्याची खोली, केसिंगची लांबी. केसिंग कठीण खडकापर्यंत घालतात, म्हणून तिच्यावरून मुरमाची जाडी कळते. मात्र तिचे पैसे फुटावर मोजले जातात, म्हणून लांबी फुगवून लिहिलेली असू शकते, हे नोंद वाचताना विसरू नये. खोल्या जमिनीपासून मोजलेल्या असतात; समुद्रसपाटीशी जुळवल्याशिवाय दोन बोअरची तुलना होत नाही. मधल्या जागा विद्युत रोधकतेच्या मोजणीने भरतात. पण चिकण झालेला मुरूम आणि पाण्याने भरलेला मुरूम दोन्ही कमी रोध दाखवतात, आणि चिकणातून विहिरीला पाणी फारसे सुटत नाही. शेजारी एखादा बोअर असल्याखेरीज या आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

खोलवरच्या घड्या तुमसर तालुक्यात खाणींमुळे कळतात. चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज सौसर गटातले. भारतातल्या मँगनीजवरचा भूवैज्ञानिक फर्मोर यांचा ग्रंथ १९०९चा; तेव्हापासून या पट्ट्याची निरीक्षणे साठत आली. खाण नसेल तेथे उघड्या खडकावर मोजलेली नती, म्हणजे थरांचा कल, हीच आधाराला.

संगणक दोन बिंदूंमधून गुळगुळीत पृष्ठ ओढतो, मधली घडी त्याला दिसत नाही. म्हणून आधी हाताने छेद काढावेत, तेही थरांच्या रेषेला आडवे. रेषेच्या बाजूने काढलेल्या छेदात वळलेले थरही सपाट भासतात. काही बोअर मुद्दाम बाजूला ठेवून संगणकाच्या नमुन्याने त्यांतला मुरूम किती खोल सांगितला, हे ताडून पाहावे. मग पावसाळ्याआधीच्या व नंतरच्या विहिरींच्या पातळ्या त्यात घालाव्यात. माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या, तलावांपैकी कोणत्या तलावाचा तळ पाझरत्या मुरमावर आणि कोणत्याचा चिकणावर, हे त्यातून उमगते. गाळ काढल्यावर पाळीखालच्या विहिरींना कोठे फायदा होईल, याचा अंदाज त्यावरच बांधता येतो.