भ्यालेल्या जिवाचें शिक्षण

वैश्वदेव आतां थोड्याच घरांत उरला आहे. परंतु जेवणापूर्वीं एक घास कुत्र्यासाठीं बाजूला काढण्याची रीति अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. तो घास दारापर्यंत जातो. कुत्रें बाहेर, आपण आंत, आणि मध्यें उंबरठा, अशी ही जुनी आणि सोयीची व्यवस्था आहे. ज्या घरानें ती मोडून रस्त्यावरचें एखादें जखमी अथवा टाकून दिलेलें कुत्रें आंत घेतलें, त्या घरापुढें मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. घास घालणें सोपें असतें. भ्यालेल्या जिवाला निर्भय करणें तितकें सोपें नसतें.

आम्ही रिसोडला राहतों. पिंगलाक्षी देवीचें हें जुनें स्थान. सभोंवार सोयाबीन आणि तूर यांचीं शेतें. वाशीम, मेहकर, लोणार, हिंगोली यांकडे जाणारे रस्ते. आणि त्या रस्त्यांवर रात्रंदिवस धांवणारीं वाहनें. त्यांखालीं सांपडलेलें कुत्रें दृष्टीस पडलें नाहीं असा महिना विरळा. गेल्या कांहीं वर्षांत आमच्या घरीं अशीं चार कुत्रीं येऊन राहिलीं. दोन बरीं होऊन दुसऱ्या घरीं गेलीं, एक म्हातारें होऊन गेलें, आणि सोनी नांवाची एक कुत्री सध्यां आमच्याकडे आहे. अकरा माणसांच्या या घराला तिच्यापायीं जें शिकावें लागलें, तें इतर कुटुंबांनाही उपयोगीं पडेल, म्हणून तें येथें मांडीत आहों.

आपल्या परंपरेंत कुत्र्याला जागा नाहीं असें नाहीं. दत्तात्रेयांच्या पायांशीं चार कुत्रे आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे, आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजानें स्वर्गही नाकारण्याची तयारी दाखविली ती एका कुत्र्यासाठींच. नामदेव महाराजांचें जन्मस्थान मानलें जाणारें नरसी तर आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतलें. कुत्र्यानें कोरडी भाकरी पळविली म्हणून तूप घेऊन त्याच्या मागें धांवणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्या कथेंतील भूतदयेपुढें हात जोडावेत. पण भ्यालेल्या कुत्र्याच्या बाबतींत व्यवहाराचा पहिला धडा नेमका उलट आहे. त्याच्या मागें धांवूं नये. तूप घेऊनसुद्धां धांवूं नये. आपल्या मनांतली दया त्याला दिसत नाहीं. त्याला दिसतो तो अंगावर येणारा माणूस.

सोनी आली तेव्हां तिच्या गळ्यांत तार रुतलेली होती. पिल्लू असतांना कोणी तरी बांधली असावी. अंग वाढलें, तार वाढली नाहीं. गुरांच्या डॉक्टरांनीं ती काढली, जखम शिवली आणि रेबीजची लस टोंचली. जखम तीन आठवड्यांत भरली. भीति मात्र भरून येणारी नव्हती. सोनी जिन्याखालच्या अंधारांत भिंतीकडे तोंड करून बसून राही. कोणी हात लावला तरी हलत नसे, भुंकत नसे, पळतही नसे. येणारे-जाणारे कौतुकानें म्हणत, "काय गरीब कुत्री आहे हो!"

या गरीबपणाचा अर्थ शास्त्रज्ञांनीं शोधलेला आहे. १९६७ सालीं अमेरिकेंत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनीं कुत्र्यांवर कांहीं निर्दय प्रयोग केले. कांहींही केलें तरी विजेचा धक्का टाळतां येत नाहीं, असा अनुभव ज्या कुत्र्यांना दिला गेला, त्यांतलीं बरींच पुढें सुटकेची वाट मोकळी असतांनाही जागच्या जागीं पडून राहिलीं. जवळजवळ पन्नास वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच दोघांनीं मेंदूविषयींच्या नव्या माहितीवरून आपला निष्कर्ष सुधारला. हातपाय गाळून बसणें ही दीर्घ संकटांत सांपडलेल्या शरीराची मूळचीच रीति आहे. शिकावें लागतें तें हें कीं, आपल्या करण्यानें परिस्थिति बदलूं शकते. म्हणून 'बस' आणि 'ये' शिकविण्यापूर्वीं सोनीला हेंच शिकवावयाचें होतें. तिनें तोंड फिरविलें कीं हात मागें घ्यावयाचा. ती उठून गेली कीं जाऊं द्यावयाचें. या घरांत आपल्या नकाराला किंमत आहे, एवढें तिला प्रथम कळावयास हवें होतें.

हा नकार कुत्रें तोंडानें सांगत नाहीं. नॉर्वेमधील ट्युरिड रुगास या बाईंनीं कुत्र्यांच्या बारीक खुणांवर पुस्तकच लिहिलें आहे. झोंप आलेली नसतां जांभई देणें, खाणें समोर नसतां ओठ चाटणें, मान वळविणें, एक पंजा उचलून धरणें, हीं सारीं अस्वस्थतेचीं लक्षणें असूं शकतात. डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असें तिरपें पाहणें, आवडीचा घासही नाकारणें, हीं त्याहून पुढचीं. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिसाच्या वर जातो. तेव्हां कुत्र्यानें धापा टाकाव्या यांत नवल नाहीं. पण पौषांतल्या थंड सकाळीं तें धापा टाकूं लागलें तर कारण शोधावें. शेपूट हललें म्हणजे आनंदच झाला, असेंही नव्हे. अंग ताठ ठेवून हलविलेलें शेपूट हा इशारा असूं शकतो. मुलांनीं या खुणांची यादी माजघराच्या दारावर चिकटविली, आणि महिन्याभरांत आमचा सातवींतला पुतण्या सोनीचें मन वडील माणसांपेक्षां चांगलें वाचूं लागला.

पण एकत्र कुटुंबांतील अडचण निराळीच असते. आमचे बंधु म्हणत "बस", थोरल्या वहिनी म्हणत "बैस", शाळेंतून इंग्रजी घेऊन आलेलीं मुलें म्हणत "सिट". एकजण जेवतांना पानांतला तुकडा देई. दुसरा त्याच वेळीं तिला हांकलून लावी. धीट कुत्रें अशा घरांत आपली वाट काढतें. भ्यालेलें कुत्रें प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहतें. पुढच्या क्षणीं काय होईल हें न कळणें हीच त्याला मोठी शिक्षा असते.

अशांत एके दिवशीं पांच वर्षांची धाकटी पुतणी सोनीच्या थाळीजवळ गेलेला चेंडू घेण्यास वांकली, आणि सोनी गुरगुरली. चावली नाहीं, पण घर हादरलें. त्या रात्रीं सर्वजण माजघरांत बसलों. गल्लींतील एका गृहस्थांनीं काठीचा उपाय सुचविला होता. कुत्रीला लांब लोणारच्या रस्त्यावर नेऊन सोडावें, असाही विचार निघाला. मुलीची आई शांतपणें एवढेंच म्हणाली, "उद्यां चावली तर?" या प्रश्नाला हंसून वाटेला लावणें कोणालाही शक्य नव्हतें. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस वांचणें जवळजवळ अशक्यच. सोनीला लस टोंचलेली होती, तरी मुलीचा गाल तो गाल.

काठीविषयीं मात्र आमचें मत ठाम होतें. गुरगुरणें ही कुत्र्याची समज आहे. 'आतां पुढें येऊं नका' असें तें बजावीत असतें. मारून ती समज बंद केली तर भीति जात नाहीं, फक्त सूचना जाते. आणि मग कुत्रें न सांगतां चावतें. शेवटीं निकाल दिला तो ऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्रींनीं. कुत्रें घरांत घेण्यास त्यांचा पहिल्यापासून विरोध. त्या म्हणाल्या, "तिला एक महिना द्या. पण आधीं तुम्ही सगळे एका शब्दावर या. या घरांत कोणाचें ऐकावें हें मला अजून कळत नाहीं, त्या मुक्या जिवाला काय कळणार!"

त्या रात्रीं ठराव झाले. शब्द तीनच: 'बस', 'ये' आणि 'थांब'. खाणें दोन वेळां, ठरल्या घटकेला, मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यांत. तेव्हां तिकडे मुलांनीं जावयाचें नाहीं. जिन्याखालची जागा तिची. तेथून तिला कोणीं ओढून काढावयाचें नाहीं. धडा दोन-तीन मिनिटांचा, दिवसांतून तीनदां. सांगितलेलें तिनें केलें कीं तत्क्षणीं नखाएवढा भाकरीचा तुकडा द्यावयाचा. न केलें तर कांहींच नाहीं, रागावणेंही नाहीं. मोठ्या माणसांनीं जेवणाच्या वेळीं दुरून जातां जातां थाळीकडे भाकरीहून चांगला तुकडा टाकावयाचा, म्हणजे माणूस जवळ येतो तो घेण्यास नव्हे, देण्यास, हें तिच्या मनांत ठसेल. तो चांगला तुकडा म्हणजे उकडलेलें अंडें. त्यासाठीं परसांत निराळी चूल आणि निराळें भांडें आलें. कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला घातक, म्हणून तें सारें उंच फळीवर गेलें.

गळ्यावरच्या व्रणामुळें तिला पट्टा छातीवरून घातला. पहांटे शेताच्या वाटेनें लांब दोरीवर नेऊन तिला मन मानेल तितका वेळ हुंगूं दिलें; हुंगणें हें कुत्र्याचें वर्तमानपत्र आहे, आणि तें वाचून झालें कीं त्याचें चित्त स्थिर होतें. आंखूड किंवा जड साखळीनें जनावर तासन्‌तास बांधून ठेवणें हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. कायदा नसता तरी, बांधलेल्या कुत्र्याला दूर सरकण्याचा मार्ग उरत नाहीं, आणि ज्याला सरकतां येत नाहीं त्याला चावावें लागतें, एवढें कारण पुरेसें होतें.

मातोश्रींची अट एकच होती. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या उंबरठ्याच्या आंत कुत्रीचा पाय पडतां कामा नये. म्हणून 'थांब' हा शब्द सर्वांत आधीं शिकविला, आणि तोच सर्वांत पक्का झाला. पुढें जें घडलें त्याची अपेक्षा मात्र कोणीच केली नव्हती. लाडानें हांका मारणारीं मुलें, अंडें आणणारे बंधु, यांना सोडून सोनी देवघराच्या उंबरठ्याबाहेर मातोश्रींच्या समोर येऊन निजूं लागली. त्यांनीं तिला कधीं हांक मारली नव्हती, कधीं हात लावला नव्हता. त्या पहांटे पांचला उठतात, मग स्नान, तुळशीला पाणी, पूजा, घंटा, नैवेद्य, दुपारीं पोथी, सायंकाळीं दिवा. त्यांचें पाऊल रोज त्याच वेळीं त्याच फरशीवर पडतें. त्या टक लावून पाहत नाहींत, अंगावर वांकत नाहींत, हात पुढें करीत नाहींत. भ्यालेल्या कुत्र्याला याहून चांगली संगत कोठें मिळावी? पूजेच्या घंटेला ती आरंभीं दचके. पण घंटेनंतर नैवेद्य, आणि नैवेद्यानंतर उंबरठ्यावरून एक घास, हा क्रम कधीं चुकला नाहीं. आणि घंटा वाजली कीं तिचे कान सैल पडूं लागले. मातोश्रींनीं पाव्हलॉव्हचें नांव ऐकलेलें नव्हतें; त्यांचा नेम मात्र त्याच्या प्रयोगशाळेइतका कडक होता.

महिना संपला तेव्हां मुलीच्या आईनें स्वतः होऊन सांगितलें, "राहूं द्या तिला." गुरगुरणें पुन्हां ऐकूं आलें नाहीं. तरी मूल आणि कुत्रें यांना एकटें सोडावयाचें नाहीं हा नियम अजून चालू आहे, आणि तो चालूच राहील.

दिवाळीचें संकट याहून अवघड. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांची. कुत्र्याची सुमारें ४५,००० पर्यंत. लहान आवाजही त्याला आपल्यापेक्षां पुष्कळ दुरून ऐकूं येतो. मग फटाक्याचें काय सांगावें! १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें पीटर नांवाच्या मुलाची सशाची भीति घालविल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचें खात असतां ससा दूर ठेवावयाचा, आणि दिवसांमागून दिवस थोडाथोडा जवळ आणावयाचा. आमच्या पुतण्यानें तीच युक्ति सोनीसाठीं योजिली. श्रावणापासून मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका बारीक लावावयाचा कीं तिचा कान फक्त वळावा. लगेच तुकडा द्यावयाचा. तिनें तुकडा नाकारला कीं आवाज कमी. दसऱ्याच्या सुमारास शेतांतून सोयाबीनचीं मळणीयंत्रें घरघरूं लागलीं, तो सराव आपोआप झाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं अंधार पडण्यापूर्वीं तिला फिरवून आणलें, आंतल्या खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, पंखा चालू ठेवला, आणि एकजण जवळ बसून राहिला. कुरवाळल्यानें भीति वाढते, ही समजूत निराधार आहे. जवळ येऊन टेकणाऱ्या जिवाला टेकूं द्यावें. पहिल्या वर्षीं ती पहांटेपर्यंत थरथरत होती. दुसऱ्या वर्षींही थरथरली. पण मध्येंच तिनें मान वर करून हातावरचा तुकडा घेतला, आणि तासाभरांत निजली. भीति नाहींशी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. भीतींतून परत येण्याची वाट तिला सांपडली आहे.

ज्या घरांना असें कुत्रें आणावयाचें असेल, त्यांनीं लस आणि निर्बीजीकरण यांची व्यवस्था आधीं करावी. लस दरवर्षीं टोंचावी. कोणाला दांत किंवा नखें लागलींच तर जखम साबण आणि वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पण त्याच्याही आधीं घरांतील सर्व माणसांनीं एकदां एकत्र बसून शब्द ठरवून घ्यावे. आमच्याकडे ठरलेल्या तीन शब्दांपैकीं 'थांब' हा आतां सोनीला फारसा सांगावा लागत नाहीं. ओल्या पायांनीं देवघराकडे निघालेल्या मुलांना आणि भुकेनें स्वयंपाकघरांत शिरणाऱ्या मोठ्यांना मात्र मातोश्री तो दिवसांतून अनेकदां ऐकवितात. आणि तो ऐकतांच सगळ्यांत आधीं थांबते ती सोनी.