दाराबाहेरची मैदानं

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशर परगण्यात मच वेनलॉक नावाचं छोटंसं गाव आहे. लंडनहून श्रूझबरीपर्यंत रेल्वेने यायचं आणि तिथून पुढे बस धरायची. गावाला पूर्वी स्वतःचं स्टेशन होतं. १८६२ साली रेल्वे आली आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ साली, प्रवासी गाड्या थांबल्या. गावाजवळ आलं की वेनलॉक एज हा चुनखडीचा लांबलचक कडा दिसू लागतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या प्रवाळांच्या राशी दगड होऊन वर आल्या आहेत. याच दगडाच्या खाणींवर आणि चुन्याच्या भट्ट्यांवर इथल्या पिढ्या जगल्या. गावात मध्ययुगीन मठाचे पडके अवशेष आहेत, लाकडी चौकटीचा जुना गिल्डहॉल आहे, एक लहानसं संग्रहालय आहे. गावाच्या कडेला, पवनचक्कीच्या टेकडीखाली, झाडांच्या रांगेपलीकडे लिंडेन फील्ड हे हिरवं मैदान पसरलं आहे. ते कुठल्याही तालुक्याच्या गावच्या मैदानाएवढंच साधं आहे. पण आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा कशा जन्मल्या आणि कशा वाढल्या हे समजून घ्यायचं तर ऑलिंपियाच्या संगमरवरी खांबांपेक्षा या गवतापासून सुरुवात केलेली बरी.

विल्यम पेनी ब्रुक्स हे या गावचे डॉक्टर. १८०९ साली त्यांचा जन्म इथेच झाला. त्यांनी शिक्षण लंडन, पॅरिस आणि पाडुआ इथे घेतलं आणि परत येऊन वडिलांची वैद्यकी सांभाळली. १८४१ साली त्यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी वाचनालय काढलं आणि १८५० साली त्याच संस्थेत ‘ऑलिंपियन’ वर्ग सुरू केला. गावातल्या आणि आसपासच्या लोकांची, त्यातही कष्टकऱ्यांची, शरीरं आणि मनं सुधारावीत हा हेतू त्यांनी उघड लिहून ठेवला होता. त्या ऑक्टोबरात पहिल्या स्पर्धा झाल्या. त्यांत धावणं आणि उड्या होत्या, क्रिकेट आणि फुटबॉल होतं, आणि सुरुवातीच्या एका वर्षी म्हाताऱ्या बायकांची पौंडभर चहाच्या बक्षिसासाठी शर्यतसुद्धा होती. आपल्याकडच्या जत्रेत नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सगळं एकाच फडात लागतं. वेनलॉकचा मेळा त्याच जातकुळीचा होता. ज्याला कुणी मैदानावर बोलावत नव्हतं त्याला ब्रुक्सनी बोलावलं, आणि माझ्या मते या स्पर्धांच्या पुढच्या पावणेदोनशे वर्षांच्या वाढीचं बीज त्या बोलावण्यात आहे. या स्पर्धा आकाराने कशानेही वाढल्या असतील. अर्थाने त्या वाढल्या त्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसांनी स्वतःचं मैदान आखल्यामुळे.

दार किती घट्ट होतं याचे पुरावे त्याच काळात सापडतात. १८६५ साली ब्रुक्स, लिव्हरपूलचे जॉन हली आणि लंडनच्या जर्मन व्यायामसंस्थेचे अर्न्स्ट रावेनश्टाइन यांनी राष्ट्रीय ऑलिंपियन संघटना स्थापन केली. पुढच्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये तिच्या स्पर्धा झाल्या, आणि ओव्हलवर नाबाद २२४ धावा काढणाऱ्या अठरा वर्षांच्या डब्ल्यू. जी. ग्रेसने सामना चालू असतानाच तिथे जाऊन अडथळ्यांची शर्यत जिंकली. त्याच सुमारास लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या हौशी अ‍ॅथलेटिक क्लबने मात्र आपल्या नियमातच कारागीर आणि मजूर यांना बाहेर ठेवलं. जो हातांनी काम करून पोट भरतो तो ‘हौशी’ नव्हे, असा त्याचा अर्थ. तिकडे अथेन्समध्ये इव्हांगेलिस झाप्पास या व्यापाऱ्याच्या देणगीतून १८५९ साली ऑलिंपिक स्पर्धा झाल्या होत्या, आणि त्यांतल्या विजेत्यासाठी ब्रुक्सनी वेनलॉकहून दहा पौंडांचं बक्षीस पाठवलं होतं. १८७० साली तिथल्या प्राचीन स्टेडियममध्ये कामगारही उतरले आणि स्पर्धा रंगल्या. हे काही प्रतिष्ठितांना रुचलं नाही. १८७५ साली सुशिक्षित तरुणांनाच प्रवेश मिळाला आणि तो उत्सव फिका पडला. जिथे दार उघडलं तिथे खेळ बहरला आणि जिथे लावून घेतलं तिथे सुकला, हे पाच वर्षांच्या अंतराने एकाच शहरात दिसलं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. बॅरन पिएर द कुबर्टिन नसते तर वेनलॉकचा मेळा वेनलॉकमध्येच राहिला असता. १८९० च्या ऑक्टोबरात सत्तावीस वर्षांचे कुबर्टिन या गावी आले, एक्क्याऐंशी वर्षांच्या ब्रुक्सनी त्यांच्यासाठी खास स्पर्धा भरवल्या, आणि लिंडेन फील्डवर पाहुण्यांच्या हातून एक ओक लावला गेला. त्या डिसेंबरात कुबर्टिननी लिहिलं की ऑलिंपिक खेळ आज जिवंत आहेत त्याचं श्रेय कुणा ग्रीकाला नसून या डॉक्टरला आहे. अथेन्समध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरावी म्हणून ब्रुक्स १८८०च्या दशकात ग्रीक वकिलातीशी पत्रव्यवहार करत होते, पण ते साधलं नाही. ते कुबर्टिननी साधलं. १८९४ साली पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात त्यांनी परिषद भरवली आणि दोन वर्षांत अथेन्समध्ये चौदा देशांचे खेळाडू उतरवले. ओळखी, वक्तृत्व, चिकाटी ही सगळी त्यांची. आजारपणामुळे ब्रुक्स परिषदेला जाऊ शकले नाहीत आणि डिसेंबर १८९५ मध्ये, अथेन्सच्या स्पर्धा चार महिन्यांवर असताना, वारले. तेव्हा संस्था कुबर्टिनची, हे मान्य करायलाच हवं. पण त्या संस्थेने वेनलॉकहून काय नेलं आणि काय मागे ठेवलं तेही पाहायला हवं. मिरवणूक आली, समारंभ आला, अनेक खेळ एका मांडवात आणण्याची कल्पना आली. पण हौशीपणाची अट अशी बसली की हातावर पोट असलेल्याला महिनाभर सरावाला आणि प्रवासाला जाणंच अशक्य व्हावं. आणि १८९६ च्या स्पर्धांत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांनी सार्वजनिक मैदानात स्पर्धा करू नये हे कुबर्टिनचं मत शेवटपर्यंत टिकलं. मूळ कल्पना प्राचीन ग्रीसचीच ना, असंही कुणी म्हणेल. पण प्राचीन ऑलिंपिया फक्त ग्रीक पुरुषांसाठी होतं. तिथून नाव घेता येतं. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द तिथून येत नाही.

लंडनला परतून भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने पश्चिमेला गेलं की व्हाइट सिटी स्टेशन लागतं. १९०८ साली रोमने हात वर केल्यावर ऑलिंपिक इथे आलं. फ्रेंच-ब्रिटिश प्रदर्शनाला लागून उभारलेलं ते प्रचंड स्टेडियम १९८५ साली पाडलं गेलं आणि तिथे बीबीसीच्या इमारती आल्या. आता उरली आहे ती फरसबंदीत जडवलेली अंतिम रेषेची खूण. कार्यालयात निघालेली माणसं तिच्यावरून रोज चालत जातात. त्या वर्षीच्या सुमारे दोन हजार खेळाडूंत सदतीस स्त्रिया होत्या, आणि मैदानी शर्यतींत एकही नव्हती. पण याच ठिकाणी ऑगस्ट १९३४ मध्ये स्त्रियांच्या जागतिक स्पर्धा झाल्या. त्यामागे होत्या अ‍ॅलिस मिलिया, नौकानयन करणाऱ्या एक फ्रेंच बाई. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मैदानी स्पर्धा घ्या ही त्यांची मागणी फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी १९२१ साली स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय महासंघ काढला आणि १९२२ साली पॅरिसमध्ये स्त्रियांचं ऑलिंपिकच भरवलं. ‘ऑलिंपिक’ या शब्दावरून ओरड झाली. नाव सोडण्याच्या बदल्यात १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पाच मैदानी स्पर्धा आल्या. त्यांतली ८०० मीटरची शर्यत, धावणाऱ्या कोसळल्या अशा फुगवलेल्या बातम्यांवरून, काढून टाकली गेली आणि १९६० सालापर्यंत परतली नाही. म्हणजे विनंतीने जे मिळालं नव्हतं ते समांतर मांडव घातल्यावर मिळालं, आणि तेही अर्धंच. १९३४ च्या त्याच ऑगस्टमध्ये व्हाइट सिटीच्या त्याच स्टेडियमवर ब्रिटिश साम्राज्याच्या स्पर्धाही झाल्या. त्या जोहान्सबर्गला व्हायच्या होत्या; काळ्या-सावळ्या खेळाडूंना तिथे कशी वागणूक मिळेल या चिंतेने त्या लंडनला हलवल्या गेल्या. म्हणूनच भारत प्रथमच त्यांत उतरू शकला आणि कुस्तीत रशीद अन्वरने कांस्य मिळवलं.

चौदा वर्षांनी, १९४८ च्या ऑलिंपिकच्या वेळी, लंडनमध्येच आणखी एक बैठक झाली. तोवर ऑलिंपिक आशियात एकदाही झालं नव्हतं. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आशियाई पथकांच्या प्रमुखांना एकत्र बसवून आपल्या खंडाच्या स्पर्धा भरवण्याचं ठरवून घेतलं. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत अकरा देश जमले आणि मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० व २०० मीटर जिंकून दाखवले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. स्पर्धा वाढल्या त्या पैशाने, सरकारांच्या चुरशीने, दूरचित्रवाणीने; वगळलेल्यांचे मेळे ही हळवी बाजू झाली, असं म्हणता येतं. आकड्यांचा प्रश्न असेल तर हे खरं आहे. १९०० ची पॅरिसची आणि १९०४ ची सेंट लुइसची स्पर्धा तर जागतिक प्रदर्शनांच्या आधाराने उभी होती. पण पैशाने मैदान रुंदावतं, प्रेक्षक येतात, घड्याळं सूक्ष्म होतात. मैदानात कोण उतरू शकतं हे पैसा ठरवत नाही. ती यादी प्रत्येक वेळी बाहेरून बदलली आहे. आणि याचा सगळ्यांत मोठा पुरावा लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून तासाभराच्या अंतरावर आहे.

स्टोक मँडव्हिल हे बकिंगहॅमशरमधलं खेडं. त्याच्या नावाचं रुग्णालय एल्सबरी शहराच्या कडेला आहे आणि शेजारीच स्टेडियम. नाझी जर्मनीतून १९३९ साली निसटलेले ज्यू मज्जाशल्यतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इथे पाठीच्या कण्याच्या जखमांचं केंद्र सुरू केलं. तोवर कणा मोडलेला सैनिक फार दिवसांचा सोबती नाही असं वैद्यकच धरून चालत असे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याला नेत. गुटमननी रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, कामाला लावलं आणि शेवटी खेळायला लावलं. वेनलॉकप्रमाणे इथेही आरंभ डॉक्टरच्या हातून झाला, आणि मला हा योगायोग वाटत नाही. ज्याचा शरीराशी रोजचा संबंध असतो त्याला खेळ हा मोजक्यांचा छंद वाटत नाही. २९ जुलै १९४८ रोजी वेम्ब्लीला ऑलिंपिकचं उद्‌घाटन होत असताना इथल्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा माजी सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ साली हॉलंडचं पथक आलं आणि हा मेळा आंतरराष्ट्रीय झाला. १९६० साली तो रोममध्ये भरला आणि तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू उतरले. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकची ज्योत इथेच पेटवली गेली, आणि त्या स्पर्धांत चार हजारांहून अधिक खेळाडू होते.

मुख्य मांडवात घेतलं गेलं की स्वतःचा मांडव जातो, ही या वाढीची खरी किंमत आहे. मिलिया यांचा महासंघ १९३४ नंतर फार टिकला नाही, आणि स्त्रियांना ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी पुढे १९८४ सालापर्यंत थांबावं लागलं. स्टोक मँडव्हिलच्या खेळाडूंनाही दार सहज उघडलं नाही. १९६८ साली मेक्सिकोने नकार दिला तेव्हा त्यांच्या स्पर्धा तेल अवीवला झाल्या; १९८० साली मॉस्कोने नाकारल्या, म्हणून आर्नहेमला. १९७२ साली म्युनिकच्या क्रीडाग्रामात जागा मिळाली नाही आणि त्या हायडेलबर्गला गेल्या. त्या हायडेलबर्गमध्ये सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर पाण्यात उतरले. मूळचे लष्करातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक दिलं. त्या वर्षी त्या स्पर्धांचं अधिकृत नाव होतं एकविसाव्या आंतरराष्ट्रीय स्टोक मँडव्हिल स्पर्धा.