जुने इंजिन, नवा सोबती
— एक माजी विद्यार्थी

जुन्या वस्तूंवर प्रेम करण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कोणी त्या कापडात गुंडाळून फडताळात ठेवतो, कोणी दिवाणखान्यात काचेआड मांडून पाहुण्यांना दाखवतो. तिसऱ्या तऱ्हेची माणसे मात्र थोडी असतात. आजोबांचे घड्याळ मनगटावर बांधून ती कामावर जातात, आजीच्या खलबत्त्यात वेलदोडे कुटतात. वस्तू झिजली तर दुरुस्त करतात, पण तिला कामावरून निवृत्त करीत नाहीत. या तिसऱ्या वर्गातील एका वृद्ध गृहस्थांचा शेजार मला लाभला होता. नोकरीच्या निमित्ताने २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षे मी लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात राहत होतो, तेव्हाची ही हकीकत. विषय यंत्राचा आहे, म्हणून बालवाचकांनी बिचकू नये. शाळेत शिकविलेले गणित आणि पदार्थविज्ञान यांच्यापलीकडचे यात फारसे काही नाही.

या गृहस्थांजवळ एक ‘हॉट रॉड’ होती. हा शब्द आपल्याकडे फारसा परिचित नाही, तेव्हा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे एक इंजिन बाजारात आणले. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी एकाच ओतीव ठोकळ्यात बसविलेल्या होत्या. आठ सिलिंडरांची मोटार ही तोवर बहुतांशी धनिकांची मिरास होती. फोर्डने ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. त्या पहिल्या इंजिनाची शक्ती ६५ अश्वशक्ती होती. झडपा सिलिंडरांच्या बाजूला, ठोकळ्यातच असल्यामुळे वरचे झाकण सपाट असे. म्हणून लोक त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणत. अमेरिकेतील फोर्ड गाड्यांत ते १९५३ पर्यंत बसविले जात होते.

या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्यांचे मडगार्ड काढून वजन कमी केले, इंजिनावर एकाऐवजी दोन-दोन कार्बोरेटर चढविले, आणि म्युरॉक, एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या विस्तीर्ण सपाट तळांवर वेगाच्या कसोट्या सुरू केल्या. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर परतलेल्या तरुण सैनिकांनी या छंदाला नवे बळ दिले. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ हे मासिकच निघाले, आणि १९४९ साली यूटा राज्यातील बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला वेगसप्ताह भरला.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी याच परंपरेतली. सांगाडा १९३२ च्या फोर्डचा, इंजिन १९५१ च्या फोर्डमधून काढलेले, शंभर अश्वशक्तीचे. १९५८ साली ते एकोणीस वर्षांचे असताना त्यांच्या थोरल्या भावाने आणि त्यांनी मिळून ती घराच्या अंगणात बांधली होती. क्लच कसा दाबावा, गिअर न करकरता कसा बदलावा, हे भावानेच त्यांना शिकविले. पुढे भाऊ गेला, गाडी राहिली. साठ वर्षांच्या या सोबतीत एकदाच खरे संकट आले, आणि ते गाडीवर आले नाही, मालकावर आले. त्यांचा डावा गुडघा निकामी झाला. जड स्प्रिंगचा तो जुना क्लच दाबणे त्यांना अशक्य होऊन बसले. गाडी विकावी, झाकून ठेवावी, की तिला क्लच नसलेला, स्वयंचलित गिअरबॉक्स बसवावा, असे तीन मार्ग होते. त्यांनी तिसरा निवडला. आणि गिअरबॉक्सही निवडला तो १९९५ च्या एका शेव्हरोले मालवाहू गाडीतून काढलेला, चार गिअरचा, विजेच्या आज्ञेवर चालणारा. जनरल मोटर्सने १९९३ पासून बसविण्यास आरंभ केलेल्या या जातीचे नाव ‘४एल६०-ई’.

स्वयंचलित गिअरबॉक्स ही कल्पना काही नवी नाही. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घ्या, आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, की एका चाकाची गती दुसऱ्यास तेलावाटे मिळते. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले होते. १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ या नावाने पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आला. त्यात गिअर कधी बदलावा हे तेलच ठरवी. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा एक दाब, आणि चालकाचा पाय अॅक्सिलरेटरवर किती आहे त्याप्रमाणे बदलणारा दुसरा, असे दोन दाब एका झडपेच्या दोन टोकांना लढत. वेगाचा दाब जिंकला की गिअर वर चढे. पायाचा जिंकला की खाली उतरे. एखाद्या तराजूसारखाच हा न्याय होता.

१९९५ च्या गिअरबॉक्समध्ये तो तराजू एका छोट्या संगणकाच्या हाती गेला. सोलेनॉइड नावाच्या, विजेने उघडझाप करणाऱ्या दोन झडपा चारही गिअर निवडतात. दोन्हींत वीज असली की पहिला; पहिलीत नसून दुसरीत असली की दुसरा; दोन्हींत नसली की तिसरा; पहिलीत असून दुसरीत नसली की चौथा. दोन बटणांच्या चारच रचना होतात, आणि चारच गिअर! विद्यार्थ्यांनी हे कागदावर मांडून पाहावे. गंमत अशी की एखादी तार तुटून वीज साफ गेली, तर दोन्ही झडपा निर्वीज होऊन तिसरा गिअर आपोआप लागतो, आणि तेलाचा दाब सर्वांत जास्त होतो. म्हणजे डोके बंद पडले तरी गाडी हळूहळू घरी पोचावी, इतकी सोय करणाऱ्याने करून ठेवली आहे.

आता खरी अडचण पुढेच होती. या संगणकाला अनेक प्रश्न पडतात. चालकाने पाय किती दाबला आहे? इंजिन मिनिटाला किती फेऱ्या करीत आहे? गाडीचा वेग काय? ज्या मालवाहू गाडीत तो जन्मला तिथले इंजिन या प्रश्नांची उत्तरे अखंड देत असे. १९५१ च्या इंजिनाला मात्र असे बोलणे ठाऊकच नाही. ते पेट्रोल पिते, ठिणगी घेते आणि फिरते. त्याच्या कष्टांची वार्ता बाहेर आणील अशी एकही तार त्याच्या अंगावर नाही.

प्रथम दोघांची नुसती गाठ घालायची, तरी साहस होते. इंजिनाच्या मागच्या तोंडावरील बोल्टांची मांडणी एका कंपनीची, गिअरबॉक्सची दुसरीची. मध्ये अॅल्युमिनियमची एक जाड जोडपट्टी घातली. शेजारी आयुष्यभर लेथवर काम केलेले गृहस्थ. त्यांनी डायल गेज लावून इंजिनाच्या दांड्याचे आणि गिअरबॉक्सच्या तोंडाचे केंद्र एकच आहे की नाही, हे पुन्हा पुन्हा तपासले. इंचाच्या पाच सहस्रांशांहून, म्हणजे एखाद्या जाड केसाहून, अधिक फरक त्यांना चालत नव्हता. दोन दिवस त्यात गेले.

मग विजेचा प्रश्न. त्या काळच्या फोर्ड गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असे, आणि तिचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. नव्या संगणकाला बारा व्होल्ट हवेत, आणि ऋण टोक अंगाला हवे. सबब डायनॅमो, दिवे, काही मापके, सर्वच बदलावे लागले. ठिणगीच्या जुन्या तारांतून निघणाऱ्या विद्युल्लहरींनी संगणक गोंधळू नये म्हणून त्या तारांच्या जागी रोधयुक्त तारा घातल्या.

यानंतर इंजिनाला वाचा देण्याचे काम. इंजिनाच्या फेऱ्या ठिणगीच्या कॉइलवरून मोजता येतात. आठ सिलिंडरांच्या अशा इंजिनात दर फेरीस चार ठिणग्या पडतात. गाडीचा वेग गिअरबॉक्समधील चाळीस दात्यांचे चक्र सांगते. राहिला पाय. कार्बोरेटरची झडप ज्या दांड्यावर फिरते, त्याला एक लहान उपकरण जोडले. शाळेच्या प्रयोगशाळेतील रिओस्टॅटचेच ते भावंड. त्याला पाच व्होल्ट द्यायचे. पाय सोडलेला असता ते सुमारे अर्धा व्होल्ट परत सांगते, पूर्ण दाबला असता सुमारे साडेचार. दोन्ही कार्बोरेटर एकाच दांडीने जोडलेले असल्यामुळे एकाने सांगितले तरी पुरे.

हे उपकरण बसविण्यास सर्वांत जास्त वेळ का लागला, हे मला पुढे कळले. संगणक त्याच्याच सांगण्यावरून तेलाचा दाब ठरवितो. इंजिन जीव तोडून ओढत असताना उपकरणाने ‘सारे निवांत आहे’ असे सांगितले, तर दाब कमी राहील, आतील क्लचच्या चकत्या घसरतील आणि पाहता पाहता जळून जातील. उलट निवांत असताना ‘फार कष्ट आहेत’ असे सांगितले, तर प्रत्येक गिअर हिसका देऊन पडेल. नव्याच्या अंगी कितीही हुशारी असो. जुन्याचे खरे हाल त्याला कोणीतरी खरे सांगावेच लागतात. ते सांगणारा तो अंगठ्याएवढा दुभाषी चोख असेल, तरच संसार टिकतो.

गणिताचा एक नमुना देऊन पुढे जातो. मागच्या चाकाचा व्यास सुमारे ७१ सेंटीमीटर, म्हणजे परीघ सुमारे २.२३ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे १,६६७ मीटर अंतर पडते. चाकाच्या फेऱ्या झाल्या सुमारे ७४७. मागच्या आसाचे प्रमाण ३.७८, तेव्हा जुन्या गिअरबॉक्सच्या सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनास मिनिटाला सुमारे २,८२५ फेऱ्या घ्याव्या लागत. नव्याच्या चौथ्या गिअरचे प्रमाण ०.७०, म्हणजे फेऱ्या उरल्या सुमारे १,९८०. या इंजिनाचा फिरविण्याचा जोर २,००० फेऱ्यांच्या आसपासच सर्वांत जास्त असतो. फ्लॅटहेडमध्ये जळलेल्या वायूच्या वाटा पाण्याच्या कोठ्यांतून जात असल्यामुळे ते तापते फार. त्याला ही विश्रांती लाभली. तरुण सोबत्याने म्हाताऱ्याच्या डोक्यावरचे ओझे थोडे उतरविले, असेच म्हणावयाचे. मात्र मालवाहू गाडीत गिअर बदलण्याच्या ज्या वेळा होत्या, त्या येथे चालण्यासारख्या नव्हत्या. हे इंजिन ३,६०० फेऱ्यांना आपली पूर्ण शक्ती देऊन चुकते. त्यापुढे त्याला ताणण्यात अर्थ नसतो. संगणकातील वेळापत्रक त्याच्या बेताने नव्याने मांडावे लागले.

हे सर्व चालू असता शेजाऱ्यांचे जुने मित्र येऊन नाके मुरडीत. फ्लॅटहेडला संगणक लावणे म्हणजे त्यांच्या मते भ्रष्टाकार होता. एकाने तर तोंडावर विचारले, “क्लच काढलास, मग भावाचे या गाडीत उरले काय?” शेजारी बराच वेळ हातातला पाना पुशीत राहिले. मग म्हणाले, “आम्ही दोघांनी ती चालविण्यासाठी बांधली होती.” एवढे बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले.

मला त्या मित्रांच्या आक्षेपात प्रेम दिसे, तरी त्यांचा इतिहास कच्चा वाटे. हॉट रॉड मुळात शुद्ध कधी होती? एका सालचा सांगाडा, दुसऱ्या सालचे इंजिन, तिसऱ्याच गाडीचे ब्रेक, अशी जुळवाजुळव हाच तिचा कुलाचार. १९४९ साली ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅक यांची नवी इंजिने आली, तेव्हा याच मंडळींच्या वडीलधाऱ्यांनी ती फोर्डच्या सांगाड्यात बसविली होती. आणि आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. बाजारात गुजराती, शाळेच्या वर्गात मराठी, कचेरीत इंग्रजी बोलूनही आपल्या घरच्या ओव्या आणि आरत्या चालूच आहेत. नव्याशी जोड घातल्याने जुने मरते असे नाही. वापर थांबला की मात्र ते खात्रीने मरते. आजी आणि नातू यांच्यामध्ये दोन्हीकडचे नीट समजून सांगणारे माणूस घरात असले, म्हणजे पुष्कळ साधते.

२०१८ च्या वसंतात गाडी रस्त्यावर आली. मला शेजारी बसवून ते डोंगराच्या चढणीवर निघाले. गिअर एकेक करून इतके अलगद पडत गेले, की केवळ इंजिनाच्या सुरावरून ते ओळखावे. प्रत्येक वेळी त्यांचा डावा पाय जागच्या जागी किंचित हलत होता. साठ वर्षांची सवय ती! त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. या कामात त्यांनी इंजिनाला एकही नवे छिद्र पाडले नव्हते. गिअरबॉक्सचा आधारही वेल्डिंगऐवजी बोल्टांनी बसविला होता. जुना गिअरबॉक्स आणि क्लच तेल लावून, मेणकापडात बांधून फळीवर ठेवले होते. शेजारी एक जाड वही होती. कोणत्या रंगाची तार कोठून कोठे जाते, कोणता बोल्ट किती आवळावा, काय काढले आणि त्याजागी काय घातले, हे सारे तीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. ही वही कोणासाठी, असे मी विचारले. ते म्हणाले, “माझ्यानंतर जो ही चालवील त्याच्यासाठी. त्याचे गुडघे कदाचित चांगले असतील.”