धक्क्यांचा हिशेब

सायकलच्या सस्पेन्शनबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं दौंडच्या एका निवृत्त मुकादमांचं आहे आणि निम्मं शिरूरच्या एका ताईंचं. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

मुकादमकाका आमच्या शेजारी राहायचे. दौंड–मनमाड लाइन 1878 साली सुरू झाली. तिच्यावर रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. टोकाला लाकडी गोळा बसवलेली एक काठी असायची. ती स्लीपरवर आपटायची आणि कान द्यायचा. आवाज भरीव आला तर खालची खडी घट्ट. पोकळ आला तर तिथं खडी ठासायची. पुढे साहेबलोक डब्याच्या फरशीवर एक पेटी ठेवून प्रवास करू लागले. डब्याला बसणारे उभे-आडवे हिसके ती पेटी मोजते, हिसका मर्यादेबाहेर गेला की त्या जागेची नोंद करते आणि ती यादी गँगपर्यंत पोहोचते. काठीवर आयुष्य काढलेल्या काकांनी त्या पेटीचा कधी दुस्वास केला नाही. ‘‘ती जागा सांगती. तिथं काय झालंय, ते आपण खाली वाकून बघायचं,’’ एवढंच म्हणायचे.

पुढे मी हवेच्या फोर्कची (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन ते हेच) माउंटन बाइक घेतली, तेव्हा त्यांना दाखवायला नेली. रंग नाही पाहिला, गिअर नाही पाहिले. दोन्ही तळवे हँडलवर ठेवून फोर्क दाबला, सोडला, परत दाबला. मग म्हणाले, ‘‘दाबायला काय, कुणीबी दाबंल. परत कसं येतंय ते बघ.’’

ज्या माणसानं सस्पेन्शनचं एक पानही वाचलेलं नव्हतं, त्यानं नेमक्या मर्मावर बोट ठेवलं होतं. फोर्कमध्ये हवा किती भरायची, हे बहुतेकांना समजतं: सायकलवर बसल्यावर फोर्क आपल्या एकूण चालीच्या 20 ते 30 टक्के खाली बसावा, म्हणजे सॅग जमला. अवघड असतं ते रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं वर यावा हे. फार वेगानं आला तर हँडल हातातून उसळतं. फार सावकाश आला तर पुढचा खड्डा येईपर्यंत तो पुरता वर आलेलाच नसतो; धक्क्यामागून धक्का तो खाली खाली बसत जातो आणि चांगला फोर्क लाकडासारखा लागायला लागतो.

आमच्या भागात हे फार होतं. इनामगावच्या आसपास घोड नदीकाठची काळी रानं आहेत. ऊसतोडीच्या हंगामात ओल्या मातीतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात आणि उन्हानं त्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात; त्यांवरून जाताना लागोपाठ बारीक धक्के बसतात. कुकडीकाठचा टाकळी हाजीकडचा माळ याच्या अगदी उलटा. तिथं पायऱ्यापायऱ्यांचा काळा कातळ, थोडेच पण मोठे आदळे. एकाच फोर्कनं हे दोन्ही कसं सोसायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता आणि नुसत्या तळव्यानं तो सुटत नव्हता.

ताई रांजणगाव एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीचं काम करतात. ओळख झाली ती रस्त्यावरच, सायकलमुळे. त्यांच्याकडे शॉकविझ होतं. ऑस्ट्रेलियातल्या नायजेल वेड यांनी बनवलेलं हे छोटं यंत्र 2015 साली लोकवर्गणीतून उभं राहिलं आणि नंतर अमेरिकेतल्या क्वार्कनं घेतलं. ते फोर्कच्या हवेच्या व्हॉल्व्हला जोडायचं आणि फोर्कलाच बांधून टाकायचं. फोर्क दबला की आतली जागा कमी होते आणि हवेचा दाब चढतो. सेकंदाला 100 वेळा तो दाब वाचून, फोर्क किती दबला, किती वेगानं दबला, किती वेगानं परतला, हे सगळं ते यंत्र काढतं आणि मोबाइलवर गुण देतं, सल्ला देतं. सगळा हिशेब हवेच्या दाबावर, म्हणून पोलादी स्प्रिंगच्या फोर्कला त्याचा उपयोग नाही.

ताईंनी ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘दादा, आधी मोबाइलकडे बघू नका. तोच रस्ता, तोच वेग, आणि एका वेळी एकच बदल.’’ कारखान्यात रोज मोजमाप करणाऱ्या बाईची ही शिस्त. भाडं नाही, मुदत नाही. महागडं यंत्र, तरीही तेव्हा नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडे किती दिवस राहील हेही त्यांनी विचारलं नाही.

चाकोऱ्यांवर यंत्रानं सांगितलं, रिबाउंड फार सावकाश आहे. कातळावर सांगितलं, फोर्क चालीच्या टोकापर्यंत जाऊन आदळतोय. रिबाउंडची चकती थोडी मोकळी केली. मग फोर्कच्या आत प्लास्टिकचं एक टोकन बसवून हवेची जागा कमी केली. त्यानं सुरुवातीची चाल मऊच राहिली आणि शेवटचा टप्पा तेवढा कडक झाला. इनामगावच्या त्याच पट्ट्यातून परत गेलो, तेव्हा मनगटं दुखली नाहीत. आकडा वाचण्याआधी ते मनगटांना कळलं होतं, आणि ते ओळखायला काकांनी शिकवलं होतं.

आता तर स्वतःच निर्णय घेणारी सस्पेन्शन्स आली आहेत. फॉक्सचं लाइव्ह व्हॉल्व्ह 2018 सालचं, रॉकशॉक्सचं फ्लाइट अटेंडंट 2021 सालचं. रस्ता वाचून फोर्क आपला आपणच घट्ट-सैल होतो. शर्यतीत त्याचं मोल मोठं आहे, यात शंका नाही. तरी नव्यानं शिकणाऱ्यानं आधी सांगणारं यंत्र घ्यावं, ठरवणारं नंतर, असं माझं ठाम मत आहे. काकांची पेटीसुद्धा जागाच सांगायची. खडी माणसं ठासायची.

यंत्र परत द्यायला शिरूरला गेलो, तर ताईंनी ते घेतलं नाही. पाटसच्या एका कॉलेजातल्या मुलानं नुकतीच जुनी माउंटन बाइक घेतली होती, फोर्क हवेचा. ‘‘त्याला नेऊन द्या, आणि लावायचं कसं तेही तुम्हीच दाखवा,’’ म्हणाल्या. मी दिलं. त्याला आधी दोन्ही तळवे हँडलवर ठेवायला सांगितलं, फोर्क दाबायला लावला, आणि तो परत कसा येतो ते बघायला सांगितलं. यंत्र त्यानंतर जोडलं.